दंतवैद्याची उमेदवारी

व्यापारी घरातील मुलगी वा मुलगा दंतवैद्यकाची पदवी घेऊन घरी आला की पहिले आठ दिवस पेढ्यांचे, सत्काराचे आणि नावामागे ‘डॉ.’ कसे शोभते या कौतुकाचे असतात. नवव्या दिवशी वडील गाळा पाहावयास निघतात. दुकान थाटणे हे ज्या घराच्या रक्तात आहे, त्या घराला दवाखानाही दुकानासारखाच वाटावा यात नवल नाही. जागा मोक्याची हवी, पाटी मोठी हवी, उद्घाटनाला आप्तेष्ट हवेत. मग गिऱ्हाईक आपोआप येईल, असा हिशेब असतो.

गेल्या वर्षभरात या सदराच्या वाचकांपैकी तीन कुटुंबांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. मुलीचे बी.डी.एस. झाले, इंटर्नशिपही संपली, आता दवाखान्यासाठी बँक किती कर्ज देईल? बँक किती देईल ते मी सांगितले. त्यानंतर तिघांनाही विचारले, की पहिली दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करण्याचा विचार केला आहे काय? तिन्ही ठिकाणी थोडा वेळ कोणी बोलले नाही. एका मातोश्रींनी तर स्पष्टच विचारले, “एवढे लाखो रुपये घालून शिकवली, ती दुसऱ्याच्या हाताखाली राबायला का?”

हा प्रश्न रागाने विचारला असला तरी त्याला उत्तर देणे अगत्याचे आहे, कारण याच प्रश्नापायी अनेक नवे दंतवैद्य चोविसाव्या वर्षी कर्जबाजारी दवाखान्याचे मालक होऊन रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेले मी पाहिले आहेत.

आपल्या आजोबांच्या पिढीत वयात आलेल्या मुलाला थेट घरच्या गादीवर बसवीत नसत. त्याला मामाच्या, नाहीतर चांगल्या नावाच्या परक्या आडत्याच्या दुकानी धाडीत. तेथे तो गोण्या मोजी, माल पारखावयास शिके, पत्रे लिही, वसुलीला गावोगाव हिंडे, आणि मालक गिऱ्हाइकाला ‘नाही’ कसे म्हणतो ते कान देऊन ऐके. याला उमेदवारी म्हणत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. उलट ‘अमक्यांच्या पेढीवर तयार झालेला’ ही त्याची ओळख ठरे. आजही सनदी लेखापाल होणारा मुलगा आर्टिकलशिपची वर्षे दुसऱ्याच्या कार्यालयात अल्प विद्यावेतनावर काढतो, आणि घरचे लोक ते अभिमानाने सांगतात. दंतवैद्याच्याच बाबतीत ही परंपरा आपण विसरलो, याचे एक कारण मला असे दिसते की ‘डॉक्टर’ या शब्दामुळे ती व्यक्ती पदवीच्या दिवशीच पूर्ण झाली, असे आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप एवढ्यात काय होते? महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा रुग्ण नाममात्र शुल्क देतो, तासन् तास बसतो, आणि विद्यार्थ्याचा हात अडला तर शेजारी अध्यापक उभे असतात. खासगी दवाखान्यातील रुग्ण पैसे मोजून येतो, त्याला अर्ध्या तासात मोकळे व्हायचे असते आणि त्याच्या चेहऱ्यावर ‘या मुलीला जमेल ना?’ हा प्रश्न लिहिलेला असतो. खालच्या दाढेचे वाकडे मूळ, काढताना मध्येच तुटणारी अक्कलदाढ, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारा वृद्ध, मधुमेह लपविणारा रुग्ण, हे सर्व पुस्तकात असतेच. पण तो प्रसंग खुर्चीत येऊन बसतो तेव्हा पलीकडच्या खोलीत विचारायला कोणी ज्येष्ठ असणे याचे मोल पैशात करता येत नाही. याखेरीज रुग्णाला खर्च कसा सांगावा, हप्त्याने घेतलेले पैसे कसे लिहावेत, लॅबकडून आलेली कॅप बसत नसेल तर ती परत कशी पाठवावी, आणि कोणती केस आपण हाती न घेता पुढे पाठवावी, यांतली शेवटची गोष्ट शिकायला बहुतेकांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

आता मिळकतीचे बोलू. नव्या पदवीधराला मिळणाऱ्या वेतनाचा आकडा ऐकून वडिलांचा चेहरा पडतो हे खरे आहे. महिना पंधरा-वीस हजार हे शब्द अनेक घरांत उच्चारले जातात, आणि लगेच ‘आमच्या दुकानातल्या कारकुनाला याहून जास्त मिळतात’ हे वाक्य येते. पण या आकड्यामागील अर्थकारण व्यापाऱ्याला समजायला अवघड नाही. दंत महाविद्यालये वाढली, पदवीधर वाढले. दुसऱ्या बाजूस, आपल्याकडील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अपघाताखेरीज दातांच्या नेहमीच्या उपचारांना हात लावीत नाहीत. म्हणजे दंतवैद्याचे उत्पन्न सर्वस्वी रुग्णाच्या खिशातून येते, आणि खिशाला चिमटा बसला की दाताचे दुखणे हे पहिले पुढे ढकलले जाणारे दुखणे असते. त्यातून दवाखान्याच्या मालकाने खुर्ची, क्ष-किरण यंत्र, ऑटोक्लेव्ह, जागा यांत पैसा गुंतविलेला असतो. नव्या डॉक्टरच्या हाताला वेग येईपर्यंत ती खुर्ची त्याला महागच पडते. सुरुवातीचे वेतन कमी असते ते यामुळे. शिकवणे चांगले असेल तर कमी वेतन सोसावे. मात्र शिकवणेही नाही आणि वेतनही नाही, अशा ठिकाणी एक महिनाही काढू नये.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी पगाराआधी दुसरेच विचारायला सांगतो. मुख्य डॉक्टर दवाखान्यात किती तास प्रत्यक्ष असतात? रूट कॅनल स्वतः करायला मिळेल की त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ येतात? अक्कलदाढ निघताना शेजारी उभे राहता येईल काय? वर्षभर केवळ दात साफ करणे आणि दुसऱ्याच्या हातात अवजारे देणे एवढेच काम असेल, तर बारा महिन्यांनी हात होता तसाच राहतो आणि वय मात्र वाढते. शक्य असल्यास नोकरी पत्करण्यापूर्वी दोन दिवस तेथे बसून पाहावे. अवजारे खरोखर निर्जंतुक होतात की पाण्याखाली धरून पुन्हा वापरली जातात, हे दोन दिवसांत दिसते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे एक आडते माझ्या शाखेचे पंचवीस वर्षांचे खातेदार. मी निवृत्त झालो तरी अजून मला ‘साहेब’च म्हणतात. त्यांची कन्या पुण्याच्या एका दवाखान्याचे नेमणूकपत्र घेऊन त्यांच्याबरोबर माझ्याकडे आली. पत्र दोन पानी, छापील आणि दिसायला झोकदार होते. अण्णांनी ते उलटेसुलटे पाहून घेतले होते आणि त्यांचे मन एका ओळीवर बसले होते: ‘मासिक १५,००० रुपये किंवा ३० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते.’

“साहेब, तीस टक्के म्हणजे वाईट नाही. आडतीत आम्हाला एवढे कोण देतो?” अण्णा म्हणाले.

मी विचारले, “अण्णा, तीस टक्के कशाचे?”

ते थबकले. आडतीच्या धंद्यात चाळीस वर्षे काढलेला माणूस. तोलाई, हमाली, बारदान, कडता यांचा एकेक पैसा त्यांना पाठ. पण मुलीच्या पत्रात टक्का कशावर हे लिहिलेलेच नाही, इकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. आम्ही कागद घेऊन मांडले. समजा, एका महिन्यात मुलीने केलेल्या उपचारांची बिले १,२०,००० रुपयांची झाली. त्यांपैकी ९०,००० प्रत्यक्ष जमा झाले, बाकी रुग्ण पुढील भेटीत देणार. लॅबचा खर्च १८,००० आणि मालकाने लावलेला साहित्याचा खर्च १०,००० धरू. टक्का बिलांवर धरला तर मुलीचे ३६,००० होतात. जमा रकमेवर धरला तर २७,०००. जमेतून लॅब वजा करून धरला तर २१,६००. लॅब आणि साहित्य दोन्ही वजा केले तर १८,६००. चारही ठिकाणी ‘तीस टक्के’ हेच शब्द आहेत, आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या रकमेत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे.

माझ्या मते लॅबचा खर्च वजा होणे रास्त आहे, कारण कॅप वा कवळी ही बाहेरून करून आणलेली वस्तू आहे. साहित्याचा खर्च मात्र मालकाचा; तो ठोक आकड्याने कापू लागले की त्याला मोजमाप राहत नाही. जमेवर टक्का देणेही समजू शकते, परंतु मग डॉक्टर नोकरी सोडून गेल्यावर तिच्या रुग्णांची जी थकबाकी वसूल होईल, तिच्यातला हिस्सा तिला मिळणार की नाही, हे लिहिलेले असावे. कॅप सहा महिन्यांत निखळली आणि पुन्हा करून द्यावी लागली तर तो खर्च कोणावर? मुलीने तपासलेला रुग्ण तज्ज्ञाकडे सोपविला तर त्यात तिला काही आहे काय? हे प्रश्न विचारल्यास मालक रागावेल अशी भीती मुलांना वाटते. ज्या मालकाचा हिशेब स्वच्छ आहे तो रागावत नाही, हा माझा कर्जखात्यातील अनुभव येथेही लागू पडतो.

पत्रात आणखी तीन अटी होत्या आणि त्या बँकेतल्या माणसाच्या डोळ्यांत खुपणाऱ्याच होत्या. एक, पदवीची मूळ प्रमाणपत्रे दवाखान्यात जमा ठेवायची. दुसरी, हमी म्हणून सही केलेला कोरा धनादेश द्यायचा. तिसरी, नोकरी सोडल्यावर दोन वर्षे पाच किलोमीटरच्या आत कोठेही काम करायचे नाही. मूळ प्रमाणपत्रे कधीही, कोणत्याही कारणाने हातची सोडू नयेत. साक्षांकित प्रती पुरेशा असतात. कोऱ्या धनादेशाबद्दल तर मी कठोर आहे. सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशावर रक्कम भरण्याचा अधिकार आपण समोरच्याला दिला, असा कायद्याचा अर्थ निघू शकतो, आणि तो वटला नाही तर फौजदारी खटल्याला तोंड द्यावे लागते. तिसऱ्या अटीविषयी मात्र फार घाबरण्याचे कारण नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर धंदा करण्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नये ही अट चालते, पूर्वसूचनेची मुदतही पाळावी लागते. पण नोकरी सोडल्यानंतरचा मज्जाव सहसा टिकत नाही. अर्थात जाताना मालकाच्या रुग्णांची यादी उचलून नेणे हा वेगळा विषय आहे, आणि तो आपल्या घरातल्या मुलांना समजावून सांगावा लागू नये.

हे सर्व बोलणे होईपर्यंत मुलगी गप्प होती. मग तिने दुसऱ्या पानावरील एका ओळीवर बोट ठेवले. दरमहा अमुक इतक्या रूट कॅनल आणि अमुक इतक्या कॅप ‘पूर्ण करणे अपेक्षित’ असल्याचे तेथे लिहिले होते.

“काका, टक्क्याचे बाबा बघतील. मला हे विचारायचे आहे. महिनाअखेर आकडा भरत नसेल आणि समोर असा रुग्ण आला की ज्याचे साध्या भरणीने भागेल, तर मी काय करायचे?”

अण्णा म्हणाले, “अगं, धंद्यात उद्दिष्ट असतेच. आमच्याकडे कंपन्या देतात ना विक्रीचे?”

“अण्णा, हळद जास्त विकली तर कोणाचा दात किडत नाही,” ती म्हणाली. वडील हसले, पण पुढे बोलले नाहीत.

या मुलीच्या प्रश्नापाशी मी थोडा थांबतो, कारण पहिल्या नोकरीतील खरा धोका मला वेतनापेक्षा येथे दिसतो. रूट कॅनल झालेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. कॅपसाठी घासलेला दात घासलेलाच राहतो. रुग्णाला हे कळत नाही; तो डॉक्टरच्या शब्दावर तोंड उघडतो. दवाखान्याचा मालक स्वतः दंतवैद्य नसलेला गुंतवणूकदारही असू शकतो, आणि त्याच्या दृष्टीने तो महिन्याचा आकडा असतो. परंतु केसपेपरवर सही असते ती त्या मुलीची, आणि जाब द्यावा लागतो तोही तिच्याच नोंदणीवर. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हा तक्रार झाल्यास मालकाबरोबर तीही प्रतिवादी होते. व्यावसायिक दायित्वाची विमा पॉलिसी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावे घ्यावी, दवाखान्याची आहे म्हणून विसंबू नये, हे मी याच कारणासाठी सांगतो. उपचारांच्या संख्येवर उद्दिष्ट ठेवणारी नोकरी मात्र विमा घेऊनही करू नये, असे माझे मत आहे.

मुलीने पुण्याला पत्र लिहिले. प्रमाणपत्रांची आणि धनादेशाची अट त्यांनी तत्काळ सोडली, टक्का जमेतून फक्त लॅब वजा करून देण्यासही मान्यता दिली. उद्दिष्टाची ओळ काढायला ते तयार झाले नाहीत. तिने नकार कळविला. अण्णांना ते लागले. पुणे सुटले याचे त्यांना जास्त वाईट वाटले की नातेवाइकांना काय सांगायचे याचे, ते मला समजले नाही. महिन्याभराने तिला मिरजेत एका ज्येष्ठ दंतवैद्यांकडे काम मिळाले. किमान रक्कम १२,००० आणि टक्का तोच. पुण्याहून तीन हजार कमी. पण ते गृहस्थ सकाळी साडेनऊपासून स्वतः दवाखान्यात असतात, आणि पहिल्या महिन्यातच त्यांनी तिच्या हाती दाढेची केस देऊन स्वतः मागे स्टुलावर बसून पाहिले.

काही व्यावहारिक गोष्टी येथेच सांगून टाकतो. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडील कायम नोंदणी झाल्याखेरीज काम सुरू करू नये; नोंदणीवाचून व्यवसाय करण्यास कायद्याची मनाई आहे. आपल्या भागातील अनेक घरांचे सोयरसंबंध बेळगाव, निपाणी, हुबळीकडे असतात. मुलगी लग्न होऊन सीमेपलीकडे गेली तर तिची नोंदणी कर्नाटकाच्या परिषदेकडे बदलून घ्यावी लागते, आणि त्यात वेळ जातो. लग्नाच्या बोलणीत दागिन्यांची यादी होते, तेव्हाच हा विषयही निघावा. ती तेथे काम करणार काय, सुरुवातीला नोकरी केली तर सासरी चालेल काय, हे आधी विचारलेले बरे. दंतवैद्यकाच्या वर्गांत आज मुलींची संख्या मोठी आहे, आणि माहेरी घाईने थाटलेला दवाखाना लग्नानंतर निम्म्या किमतीला विकावा लागल्याची उदाहरणे माझ्यासमोर आहेत. हातातले कौशल्य आणि अनुभवाचे प्रमाणपत्र मात्र कोणत्याही गावी जाते.

मिळणारी रक्कम वेतन म्हणून आहे की व्यावसायिक शुल्क म्हणून, हे पत्रात स्पष्ट असावे. बहुतेक दवाखाने शुल्क म्हणून देतात, आणि वर्षाची रक्कम ठराविक मर्यादेपुढे गेली की त्यातून १० टक्के कर कापून भरतात. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. तेव्हा ‘एवढ्याशा मिळकतीला विवरणपत्र कशाला’ असे म्हणू नये. शिवाय पुढे कर्ज मागताना हीच दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे बँकेपुढे ठेवायची असतात. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दवाखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही, म्हणून बचत आपली आपणच करावयाची. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यापासून एका वर्षाने हप्ता सुरू होतो. तेवढ्या अवधीत निदान व्याज तरी भरीत राहावे.

नोकरी म्हणजे केवळ खासगी दवाखाना नव्हे. लष्कराच्या दंतसेवेत अल्पसेवा पद्धतीने कॅप्टनच्या हुद्द्यावर प्रवेश मिळतो आणि त्यासाठी नीट एम.डी.एस. परीक्षेचे गुण पाहिले जातात. आपल्या समाजातील मुले या वाटेकडे फारशी फिरकत नाहीत. शासकीय रुग्णालयांत कंत्राटी पदे निघतात. तेथे दात काढण्याचा हात मात्र चांगलाच बसतो. ज्यांना पुढे तीन वर्षांचे एम.डी.एस. करायचे आहे त्यांनी अर्धवेळ काम आणि अर्धवेळ अभ्यास असा मेळ घालावा. दोन वर्षे केवळ अभ्यासिकेत काढली तर हात गंजतो. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांना त्या त्या देशाची परवाना परीक्षा द्यावी लागते, आपली पदवी तेथे जशीच्या तशी चालत नाही. आणि जे सध्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला असून त्यात अंतिम टप्प्यावर राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद आहे.

भारतातील पहिले दंत महाविद्यालय ज्यांनी काढले त्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांची हकीकत व्यापाऱ्यांना विशेष आवडावी. त्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली पदवी घेतली आणि लगेच स्वतःची पाटी लावली नाही. बोस्टन येथील फोर्साइथ या मुलांच्या दंतरुग्णालयात त्यांनी नोकरी केली, १९१९ मध्ये ते कलकत्त्यास परतले, आणि १९२० मध्ये महाविद्यालय सुरू केले. त्यासाठी पैसा कोठून आणला? ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेयांचे दुकान काढून! पहिल्या वर्षी विद्यार्थी मिळाले अवघे अकरा. साखरेच्या पेयावर दातांचे महाविद्यालय चालविणारा हा माणूस व्यापारी घराण्यात जन्माला आला असता तर आपण त्याचे चरित्र पाठ केले असते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे दवाखान्याच्या कर्जाकडे वळतो. समजा, २० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले. हप्ता येतो महिना ३३,७०० च्या आसपास. त्यावर सहायिकेचा पगार, वीज, लॅब, साहित्य. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडील परवानगी लागते, जैव-वैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते. या दोन्हींना पैशापेक्षा पाठपुरावा जास्त लागतो. ‘गाळा आपलाच आहे, भाडे कुठे द्यायचे?’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकले आहे. गाळा आपला असला तरी तो दुसऱ्याला दिला असता तर जे भाडे आले असते ते आपण सोडीत असतो, आणि ते खर्चाच्या बाजूस लिहिलेच पाहिजे. ज्या मुलीला दिवसाला किती रुग्ण निभावता येतात हे अजून तिचे तिलाच ठाऊक नाही, तिच्या डोक्यावर पहिल्या तारखेपासून हा हप्ता ठेवला तर महिनाअखेरचे उद्दिष्ट तिच्या स्वतःच्या दवाखान्यातही येऊन बसते. भरणीने भागणारा दात आणि हप्ता यांत तिला निवड करावी लागते, आणि तिथे तर मालकाकडे बोट दाखवायची सोय नसते.

मिरजेची ती मुलगी रोज रात्री एका वहीत रोजमेळ लिहिते. तारीख, केसपेपरचा क्रमांक, केलेले काम, बिल, जमा, लॅब, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय चुकले’ किंवा ‘सरांनी काय सांगितले’. तिसऱ्या महिन्यात तिच्या वहीत आणि दवाखान्याच्या हिशेबात दोन कॅपचा फरक निघाला. तिने वही दाखवली, डॉक्टरांनी नोंदी ताडून पाहिल्या आणि रक्कम त्याच दिवशी दिली. अण्णांनी तिच्यासाठी घेतलेला गाळा सध्या अकरा महिन्यांच्या करारावर एका औषधविक्रेत्याला दिला आहे. भाड्याचे १४,००० रुपये दरमहा मुलीच्या नावे आवर्ती ठेवीत जातात. साडेसहा टक्के व्याज धरले तर तीन वर्षांनी साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम होईल, आणि २० लाखांच्या दवाखान्यात बँक स्वतःचे जे पंचवीस टक्के भांडवल घालायला सांगते ते त्यातून निघेल.